खांदेकरी

उर्बिका हातात तांब्याचा हंडा आणि खांद्यावर चिंध्यांचं गाठोडं घेऊन मोठ्या घराची चढण चढायला लागली, तेव्हा विहिरीवरच्या बायकांनी दोर तसेच सोडून दिले. ही बाई हंडा घेऊन ज्या घराकडं निघायची, त्या घरात मढं असायचं, नाहीतर होणार असायचं. कार्थेजच्या मुलखातल्या थुबाला गावात मेलेल्यांना धुवायचं काम तिचं. चर्चच्या आश्रयाला असलेल्या विधवांपैकी ती एक. चर्च तिला जव आणि तेल द्यायचं, ती चर्चची मढी धुवायची.

"कुणाकडं गं?" एकीनं विचारलं.

"मोठ्या घरी."

"अगं बाई! मालक गेला?"

"अजून नाही. गेला की वरून ओरडून सांगेन. तुम्ही कशाला घाई करता? मी दोन वर्षं थांबलेय."

एका बाईनं डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढून घेतलं. रडायला नव्हे, हसू झाकायला. मोठ्या घरच्या जेमिनियुससाठी रडणारं थुबालात कुणी नव्हतं. पण राबायला सगळे त्याच्याच जमिनीवर, त्यामुळे हसणंसुद्धा झाकूनच हसावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी उर्बिकाला भाऊ होता. मिग्गिन. जेमिनियुसच्या ऑलिव्हच्या बागांत काठ्यांनी फळांची झोडपणी करणाऱ्या टोळीचा मुकादम. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. टोळीतल्या पोरी अधूनमधून मोठ्या घरी सूत कातायला म्हणून नेल्या जायच्या आणि माना खाली घालून परत यायच्या. एक परत आलीच नाही. तेव्हा मिग्गिन बिशपकडं गेला.

बिशप रुस्तिकुस दर सोमवारी चर्चच्या ओसरीवर बसून गावाचे तंटे सोडवायचा. सरकारी न्यायाधीश लांब राहायचा आणि आधी खायचा, मग ऐकायचा. त्यापेक्षा लोकांना बिशप बरा वाटायचा. मिग्गिननं त्याच्या कानात सगळं घातलं आणि म्हणाला, "बाबा, माझं नाव मात्र घेऊ नका." बिशपनं नाव घेतलं. वाईट हेतूनं नव्हे. त्याला वाटलं, मालक आणि मुकादम समोरासमोर बसवले, दोघांना चार शब्द सांगितले, की शांतता होईल. रुस्तिकुसला शांतता फार आवडायची. तिची किंमत दरवेळी दुसरंच कुणीतरी भरायचं, मग न आवडायला काय झालं?

आठवड्याच्या आत मिग्गिन तांबड्या कड्याखाली सापडला. जेमिनियुसनं स्वतः चर्चमध्ये येऊन सांगितलं, मुकादम त्या सोटेवाल्यांना जाऊन मिळाला होता. सोटेवाले म्हणजे विरोधी पंथातले माथेफिरू. देवासाठी मरायचं म्हणून ते कड्यांवरून उड्या टाकायचे. रुस्तिकुसच्या पंथात त्याला आत्महत्या म्हणत. आणि आत्महत्या करणाऱ्याला ना स्तोत्र, ना चर्चची जमीन, ना वर्षश्राद्धासारखं कबरीवर बसून घरच्यांनी केलेलं जेवण.

उर्बिकानंच त्याला धुतला. दोन्ही मनगटांवर दोराचे वळ होते, बोट बसेल एवढे खोल. हात तसेच ओले घेऊन ती बिशपकडं गेली.

"बाबा, माझ्या भावानं उडी मारली ती काय हात बांधून?"

"दुःखात आहेस, पोरी. दुःखात डोळे फसवतात."

"मग तुमचे डोळे घेऊन चला. तुम्ही कुठं दुःखात आहात?"

बिशप गेला नाही. त्या दिवसांत चर्चमध्ये नव्या फरशीचं काम चाललं होतं. रंगीत खड्यांचे मासे, मोर, द्राक्षांच्या वेली. आणि दारातून पहिलं पाऊल टाकताच पायाखाली, पांढऱ्यावर काळ्या खड्यांनी, फरशी कुणी दिली ते लिहिलं होतं. *जेमिनियुसने नवस फेडला.*

मिग्गिनला खांदा द्यायला एक माणूस मिळाला नाही. ज्या टोळीसाठी तो बोलला, ती टोळी दारं लावून बसली. उर्बिकानं स्वतःच्या घराचं दार बिजागरातून उचकटलं, त्यावर भावाला बांधला, दाराला दोर लावला आणि ओढत नेऊन खाणीमागं पुरला. तिथं मेलेली गाढवं टाकत. ओढून ओढून तिच्या तळहाताची साल गेली. मग दार परत आणून बसवलं. घराला दुसरं दार नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये शिरताना बाकीच्या बायका ती काळी अक्षरं ओलांडून जायच्या. उर्बिका त्यांच्यावर टाच घासून जायची.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. मिग्गिनला कुणी मारला ते गावासमोर बोललं जावं आणि तो गाढवांतून उठून आईबापांशेजारी जावा, ही एक. जेमिनियुसचं नाक मातीत घासलं जावं, ही दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा कणभरही कमी नव्हती, आणि ती कुणापासून लपवायचीही नाही.

मोठ्या घरात जेमिनियुसच्या खोलीत म्हातारी सेकुंदुला एकटी बसली होती. ही त्या घरची गुलाम, त्याची दाई. तिच्या अंगावर पिऊन तो वाढला होता.

"आलीस?" म्हातारी म्हणाली. "वैद्य हात झटकून गेला. कालपासून वाचा बंद आहे. बिशपला बोलावलंय."

"मला एवढ्या लवकर कुणी बोलावलं?"

"मी. मेल्यावर धुवायचं तर जिवंतपणी बघून घे. तुला बघायचं असेल असं वाटलं."

उर्बिकानं हंडा खाली ठेवला. जेमिनियुस डोळे अर्धे मिटून पडला होता, ओठ फुटलेले, श्वास घुरघुरणारा. गावातला सगळ्यात धष्टपुष्ट माणूस, पुढच्या महिन्यात कार्थेजच्या एका सरदाराच्या मुलीशी लग्न ठरलेला, वसंतात नगराचा प्रमुख होणार म्हणून नवा झगा शिवून ठेवलेला. तिनं सवयीनं पांघरुणाखाली हात घालून त्याची पावलं धरली.

आणि तिचा चेहरा उतरला.

पावलं गरम होती. मरणाऱ्याचे पाय असे नसतात. आधी पाय जातात, मग माणूस. नाक टोकदार झालं नव्हतं. नखं गुलाबी होती. हा मरणार नव्हता. हा दोन दिवसांत उठणार होता, उठून मासे खाणार होता, लग्न करणार होता, नवा झगा घालून मिरवणार होता. आणि चर्चमध्ये नवा नवस फेडणार होता, मोरांशेजारी आणखी मोर.

"काय झालं?" सेकुंदुलानं विचारलं.

"काही नाही. पाणी आण जरा."

म्हातारी पाण्याला गेली आणि तेवढ्यात बिशप आत आला. बरोबर त्याचा मदतनीस डीकन, वस्तरा, राखेची वाटी आणि गोणपाटाचा अंगरखा. ते सामान बघून उर्बिकाच्या डोक्यात जे आलं ते तिनं आधी कधी योजलेलं नव्हतं. पण आलं ते पूर्ण शिजून आलं.

त्या मुलखात बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप केलं, म्हणजे खून, व्यभिचार नाहीतर मूर्तिपूजा, तर आयुष्यात एकदाच प्रायश्चित्त मिळायचं. आणि ते भयंकर होतं. डोकं भादरायचं, गोणपाट नेसायचं, मांस नाही, दारू नाही, हमामखाना नाही, बायको नाही, अधिकाराची जागा नाही. रविवारी चर्चच्या दारात गुडघ्यांवर बसायचं, आणि गावात कुणीही मेलं की त्याला खांद्यावरून वाहून पुरायचं. मरेपर्यंत. म्हणून शहाणे लोक ते शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवत. सकाळी कपाळाला राख, संध्याकाळी स्वर्ग. रोग्याची वाचा गेली असेल तर उशाशी बसलेल्यांनी "यानं मागितलं होतं" एवढं म्हटलं तरी चालायचं. बिशपांनीच कनवाळूपणानं तसं ठरवलं होतं. ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर रडणारे मुलगे आणि बायका होत्या. उर्बिका नव्हती.

"बोलला का काही?" बिशपनं विचारलं. तो रोग्याकडं बघत होता आणि त्याच्या आवाजात काळजी होती. मृत्युपत्रात चर्चला ठेवलेल्या द्राक्षमळ्याचीही असेल, माणसाला एका वेळी दोन काळज्या असू शकतात. "प्रायश्चित्त मागितलं?"

"मागितलं, बाबा," उर्बिका म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. क्षणभर वाचा आली. मला ओळखलं."

"कुठल्या पापाचं?"

"म्हणाला, मिग्गिननं उडी मारली नाही. माझ्या माणसांनी त्याचे हात बांधले, मी सांगितलं म्हणून ढकलला. म्हणाला, बिशपला सांग, मला राख लाव."

डीकनच्या हातातला वस्तरा वाटीवर आपटला. रुस्तिकुस पांढरा पडला. तो मूर्ख नव्हता. आपण एक माणूस गाढवांत पुरू दिला, हे त्याला त्या क्षणी कळलं असं नव्हे. ते त्याला दोन वर्षं कळत होतं. आता ते कुणीतरी खोलीत मोठ्यानं म्हटलं होतं.

"आणखी कुणी ऐकलं?"

दारात सेकुंदुला पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. कधीपासून, ते देव जाणे. बिशप तिच्याकडं वळला.

"आजी, तू ऐकलंस?"

म्हातारीनं आधी उर्बिकाकडं पाहिलं, मग पलंगाकडं. तिच्या तोंडात दात उरले नव्हते आणि चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"ऐकलं," ती म्हणाली. "चांगलं मोठ्यानं बोलला."

मरणारा माणूस बिनराखेचा गेला तर त्याचा आत्मा बिशपच्या गळ्यात. आणि मेल्यावर कोण विचारणार आहे काय बोलला ते? रुस्तिकुसनं हात त्याच्या डोक्यावर ठेवला. डीकननं केस भादरले, राख लावली, रेशमी पांघरूण काढून गोणपाट चढवला. उर्बिकानं रोग्याची मान उचलून धरली, म्हणजे मागचे केस नीट निघतील.

दोन दिवसांनी जेमिनियुस उठला.

त्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं, मग डोक्याला हात लावला, आणि मग जो ओरडला तो विहिरीपर्यंत ऐकू गेला. "खुन्यासारखा ओरडतोय," एक बाई म्हणाली, आणि या वेळी कुणी तोंड झाकलं नाही. कारण कार्थेजला निरोप कधीच गेला होता. सरदार मोठा भाविक. त्यानं उलट निरोप धाडला की प्रायश्चित्त घेतलेल्याला मुलगी दिली तर माझ्या घराला शाप लागेल. नव्या झग्याला कसर लागली तरी आता चालणार होतं.

सोमवारी बिशपच्या ओसरीसमोर सगळा गाव लोटला. आदल्या दिवशी दुपारी उर्बिका हुतात्मा इआदेरच्या कबरीपाशी जाऊन आली होती. चर्चच्या बाजूच्या खोलीत ती कबर होती, वर दगडी झाकण, झाकणाला मुठीएवढं भोक. त्यातून लोक हुतात्म्याला वाइन पाजायचे आणि त्यातच हात घालून शपथ घ्यायचे. एका तेलाच्या व्यापाऱ्यानं तिथं हात घालून खोटं सांगितलं, तर घरी पोचायच्या आत त्याचा हात लाकडासारखा वाळला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. उर्बिकालाही. तिचा त्यावर पुरा विश्वास होता.

तिनं भोकातून वाइन ओतली आणि म्हणाली, "इआदेर, मारताना तुझेही हात बांधले होते म्हणतात. मी उद्या खोटं बोलणार आहे. तुला काय करायचं ते कर. फक्त वाळवायचा तर डावा वाळव. उजव्यानं मढी धुवावी लागतात."

बाहेर सेकुंदुला उभी होती. उर्बिकानं तिला विचारलं, "आजी, तू का हो म्हणालीस? तुला सोलून काढेल तो."

"तुझा एक भाऊ गेला," म्हातारी म्हणाली. "माझं त्या घरात काय काय गेलं ते मी कुणाला सांगणार नाही. हो म्हणाले, झालं." आणि काठी टेकत चालती झाली.

सोमवारी जेमिनियुस पालखीतून आला. डोक्यावर टोपी, अंगात झगा. पण झग्याखालून गोणपाटाचं टोक दिसत होतं. ते काढून टाकायचं धाडस त्यालाही झालं नव्हतं. राख लावून घेतलेला माणूस गोणपाट टाकून हिंडला तर त्याच्याबरोबर कुणी पाणीही पीत नाही.

"मी काही मागितलं नाही!" तो ओरडला. "माझी जीभ टाळूला चिकटली होती. साक्षीदार कोण, तर एक मढं धुणारी आणि एक गुलाम म्हातारी! असल्यांच्या सांगण्यावरून माझं डोकं भादरलंत?"

रुस्तिकुस खुर्चीत आक्रसून बसला होता. त्याला मनातून ते सगळं पुसून टाकायचं होतं. "नियम आहे, जेमिनियुस. वाचा गेली की उशाशी असलेल्यांची साक्ष..."

"मोडा नियम!"

"तुझ्या बापाचीही वाचा गेली होती," बिशप हळूच म्हणाला. "साक्ष तू दिली होतीस. एकटा तूच."

गर्दीतून कुणीतरी फिस्कन हसलं. जेमिनियुसचा बाप वेदीपासून दोन हातांवर पुरलेला होता. आयुष्यभर लांडग्यासारखा जगून शेवटी राख लावून घेतलेला.

"आणि माझ्या आईचं काय मग?" चांभारीण ओरडली. "तीही बोलत नव्हती. मोडा नियम म्हणजे? तिला स्वर्गातून खाली उतरवता काय?"

"माझा नवरा!"

"आमचे आजोबा!"

गावातल्या प्रत्येक घरात असा एक मुका मेलेला होता. रुस्तिकुसनं लोकांच्या तोंडांकडं पाहिलं आणि त्याला कळलं की यातला एक खडा काढला तर सगळी फरशी उखडेल. त्यानं घाम पुसला.

"मग त्या बाईला शपथ घ्यायला लावा!" जेमिनियुस म्हणाला. "इआदेरच्या कबरीत. बघू द्या गावाला, हात वाळतो की नाही."

उर्बिका काही न बोलता पुढं झाली. लोक बाजूच्या खोलीत घुसले, न मावलेले खिडकीला लटकले. तिनं डावा हात कोपरापर्यंत भोकात घातला. आत थंड होतं, आंबट वास होता, बोटांना काहीतरी ओलं लागलं. आपणच काल ओतलेली वाइन, तिनं स्वतःला सांगितलं.

"माझ्या भावाला जेमिनियुसनं मारला, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं," ती म्हणाली. तिथंच थांबली. श्वास घेतला. हात बाहेर काढला आणि वर धरून बोटं उघडली, मिटली.

"वाळला नाही!" खिडकीतून आवाज आला.

जेमिनियुस टोपी फेकून पुढं आला. "मीही घेतो! मी प्रायश्चित्त मागितलं नाही, याची शपथ. घेतो!" तो खरं बोलत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो काहीतरी निखळ खरं बोलत होता, म्हणून त्यानं बेधडक बाही वर सारली.

"थांबा मालक," उर्बिका म्हणाली. "त्याची कशाला घेता? तुम्ही तापात होता. तापात माणूस काय बोलला ते त्याला काय ठाऊक? मारला नाही, याची घ्या. ते तापाच्या आधीचं आहे. ते आठवत असेल."

तिनं बाजूला सरून त्याला भोकापाशी जागा करून दिली.

"घ्या की," ती म्हणाली. "एवढं म्हणा, मिग्गिनचे हात मी बांधायला लावले नाहीत. मी खोटारडी ठरते, तुम्ही आजच केस वाढवायला घ्या."

"घे शपथ!" मागून एक पुरुष ओरडला. झोडपणीच्या टोळीतलाच होता, दोन वर्षांपूर्वी दार लावून बसलेला. "मारला नाही म्हण!"

"म्हण!"

जेमिनियुसनं भोकाकडं पाहिलं. हा माणूस नवस करणारा होता. फरशी त्यानं ढोंग म्हणून दिली नव्हती. त्याचा देवावर, हुतात्म्यांवर, त्या काळ्या भोकावर विश्वास होता. पैसे देऊन पटवता येतात म्हणून का होईना, पण होता. आणि आत्ताच तो मरणाच्या दारातून परत आलेला होता. त्यानं हात पुढं केला. भोकाच्या काठाला बोटं लागली. बोटं तिथंच थांबली.

"हात घाल, जेमिनियुस," बिशप म्हणाला. त्याच्या आवाजात जवळजवळ विनवणी होती. घाल आणि आपल्या दोघांनाही सोडव, अशी.

"मला थंडी वाजतेय," जेमिनियुस म्हणाला. "अजून ताप आहे मला. पुन्हा कधीतरी..."

त्यानं हात मागं घेतला आणि झग्यात लपवला, जणू तो आधीच वाळला होता.

"मी सोडतो तुमचा पंथ!" तो एकदम किंचाळला. "तिकडच्यांकडं जातो! त्यांचा बिशप मला डोक्यावर घेईल!"

"जा की," चांभारीण म्हणाली. "त्यांची माणसं तूच शिपायांच्या हाती दिलीस ना? सोटे घेऊन वाट बघतायत तुझी."

असं हसू थुबालात बऱ्याच वर्षांत फुटलं नव्हतं. लोक भिंतींना धरून हसले. जेमिनियुस वाट काढत बाहेर निघाला, पालखीपर्यंत त्याचे पाय पोचले नाहीत आणि चर्चच्या दारातच तो बसला. प्रायश्चित्तवाले बसतात त्या जागी. बरोबर काळ्या अक्षरांवर.

रुस्तिकुस उर्बिकाकडं आला. "पोरी, मी तेव्हा..."

"तुमचं तुम्ही देवाशी बघा, बाबा. उद्या भावाला आणायचंय. तुम्ही पुढं चालायचं, स्तोत्र म्हणत. अनवाणी."

"अनवाणी?"

"मी तशीच गेले होते. चप्पल तुटली होती."

दुसऱ्या दिवशी खाणीमागं खणलं. उर्बिकानं गाढवांच्या हाडांतून भावाची हाडं वेगळी केली, एकेक वाइननं धुतलं, कापडात बांधलं. फळी म्हणून तिनं आपल्या घराचं दार काढून आणलं होतं, तेच. थुबालात तेव्हा प्रायश्चित्तवाले चार: व्यभिचार केलेला पाववाला, देवळात मूर्तीला धूप दाखवलेला म्हातारा शिपाई, भावाला भोसकलेला एक मेंढपाळ, आणि जेमिनियुस. चार खांदे लागतात. उजवा पुढचा तिनं जेमिनियुसला दिला.

हाडांना वजन नसतं, पण दार ऑलिव्हच्या लाकडाचं होतं. बिशप पुढं, दगडांवर पाय वाचवत, आवाज फाटेपर्यंत स्तोत्र म्हणत. मागं गाव. ज्यांनी दारं लावली होती ते सगळे आता आले होते आणि एकमेकांच्या पुढं जायला बघत होते. उर्बिकानं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती जेमिनियुसच्या बाजूनं चालत होती, तोंड दिसेल अशी.

चढणीवर त्यानं दार खांद्यावर वर सरकवलं. गोणपाटानं मानेची साल काढली होती.

"पाणी," तो म्हणाला.

"माझ्या भावानं मागितलं होतं का? कड्यावर?"

जेमिनियुस दहा-बारा पावलं चालला. मग घोगऱ्या आवाजात, तिच्याकडं न बघता, म्हणाला, "नाही. त्यानं मला शिवी दिली."

उर्बिकाची पावलं अडली.

"काय शिवी?"

त्यानं सांगितली. आईवरची होती, गावच्या पुनिक बोलीतली, लांबलचक, आणि शेवटी त्यात डुकराचा उल्लेख होता. ती शिवी अख्ख्या थुबालात एकटा मिग्गिन द्यायचा.

उर्बिकाला हसू आलं, हसता हसता डोळे पुसून तिनं मान वर केली. आता तिनं कबरीत हात घालून म्हटलेलं खरं झालं होतं. एक दिवस उशिरा, पण खरं. जेमिनियुसच्याच तोंडून ऐकलं होतं.

"खांदा बदलायचा नाही," ती म्हणाली. "वर अजून लांब आहे."

पाणी तिनं दिलं नाही.

मिग्गिन आईबापांशेजारी गेला. कबरीवर जव, अंजीर आणि वाइन घेऊन गाव जेवलं. चौघे खांदेकरी लांब बसले. प्रायश्चित्तवाल्यांना पंगत नसते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. उर्बिकाच्या डाव्या हाताची करंगळी त्या सोमवारपासून बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही. एवढ्यावर भागवलं इआदेरनं, असं ती म्हणते, आणि दर वर्षी त्याला वाइन पाजते. सेकुंदुला गेली. उर्बिकानं तिला धुतलं, जेमिनियुसनं वाहिलं. टोळीतली एक पोरगी मेली, तीही त्यानंच वाहिली. त्याच्या बागांत राबलेलं एकेक माणूस त्याच्या खांद्यावरून वर चढतं. रविवारी तो दारात गुडघे टेकतो आणि लोक आत जाताना त्याला ओलांडून जातात. खाली घासून घासून अक्षरं फिकट झाली आहेत, त्याच्याच गुडघ्यांनी.

हिवाळ्यात त्याला खोकला होतो. तेव्हा उर्बिका मधात जिरं उकळून, मोठं घर सुटल्यापासून तो राहतो त्या खोपटात घेऊन जाते, त्याला बसवून पाजते, पायांवर पांघरुणासारखी मेंढीची कातडी घालते. लोक म्हणतात, बाईचं मन मोठं, माफ केलं तिनं. रुस्तिकुसनं तर एकदा प्रवचनात तिचं नाव घेऊन सांगितलं, क्षमा पाहावी तर हिची. उर्बिका खाली बायकांत बसून ऐकत होती. तिनं काही सुधारलं नाही.

मेला की सुटला. त्याला सुटू द्यायचं नव्हतं.

परवा तो पुन्हा तापला. ती गेली, कातडीखाली हात घातला, पावलं चाचपली. जेमिनियुसनं डोळे उघडले आणि तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, आशा होती. या वेळी तरी, अशी.

"गरम आहेत," उर्बिका म्हणाली. वाटी त्याच्या ओठांना लावली. "पी. सगळं पी. उद्या चांभारणीला न्यायचंय, आणि ती जड होती."